स्वस्त गॅस, गळकी घरं

टेक्ससच्या पश्चिम भागात वाहा नावाचं गॅसच्या घाऊक खरेदी-विक्रीचं ठिकाण आहे. २०२४ साली तिथे व्यवहाराच्या जवळजवळ निम्म्या दिवशी गॅसचा भाव शून्याच्या खाली होता. म्हणजे विकणाऱ्यानेच पदरचे पैसे मोजायचे आणि घेणाऱ्याला ‘घेऊन जा’ म्हणायचं. त्या भागात विहिरी खणतात त्या तेलासाठी. तेलाबरोबर गॅस वर येतोच, आणि तो वाहून न्यायला पाइपलाइन पुरत नाहीत. उरलेला कित्येकदा विहिरीवरच पेटवून देतात.

याच टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात माणसं स्वतःच्या घरात गारठून मेली. राज्याच्या आरोग्य खात्याने मोजलेले त्या वादळाचे मृत्यू २४६, त्यातले सुमारे दोन-तृतीयांश थेट थंडीचे.

गॅसचा एवढा सुकाळ असताना ऊर्जेची काटकसर करायची कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हे आहे. जमिनीखाली गॅस किती आहे, याचा त्या रात्रींत कुणालाही उपयोग झाला नाही. भिंतीत, माळ्यावर आणि दाराच्या फटीत काय भरलंय यावर सगळं ठरत होतं, आणि तिथे फारसं काही भरलेलं नव्हतं.

प्रश्न विचारणारे अगदीच खुळे नाहीत. जॉर्ज मिचेल या टेक्ससच्या उद्योजकाने फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेल या खडकातून गॅस काढायचा ध्यास धरला, त्यात बरीच वर्षं घातली आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याला पाण्याच्या दाबाने खडक फोडायची परवडणारी रीत सापडली. पुढच्या दहा वर्षांत ती देशभर पसरली. लुइझियानातलं हेन्री हब म्हणजे अमेरिकेचा गॅसचा भाव ठरवणारा नाका. तिथे जुलै २००८ मध्ये दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं अमेरिकी माप) १३ डॉलरच्या आसपास असलेला भाव एप्रिल २०१२ मध्ये दोन डॉलरच्या खाली आला. एवढी घसरण झाल्यावर ‘आता कशाला वाचवायचं’ हे कुणाच्याही तोंडी येणारच.

पण नुसतं तोंडी येऊन थांबलं नाही. ते हिशेबाच्या वहीत शिरलं, आणि माझं भांडण तिथे आहे.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांचे नियामक आयोग वीज आणि गॅस कंपन्यांकडून बचतीच्या योजना राबवून घेतात. माळ्यावर उष्णतारोधक थर टाकायला, फटी बुजवायला, घर तापवणारी जुनी भट्टी बदलायला ग्राहकाला अनुदान मिळतं. पैसा सगळ्यांच्या बिलातून जातो, म्हणून आयोग हिशेब मागतात, आणि तो मागायलाच हवा. हिशेब साधारण असा: योजनेवर खर्च किती झाला, आणि तिच्यामुळे जो गॅस विकत घ्यावा लागला नाही त्याची किंमत किती. दुसरा आकडा मोठा असेल तर योजना पास. गॅस १३ डॉलर असताना बहुतेक योजना पास होत. तो दोनवर आल्यावर तोच माळा, तोच थर, तीच भट्टी नापास.

अव्हिस्टा ही कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातली. आयडाहो राज्याची हद्द तिथून मोटारीने अर्ध्या तासावर. २०१२ मध्ये आयडाहोतल्या तिच्या गॅस-बचतीच्या योजना या हिशेबात बसेनात, म्हणून स्थगित झाल्या. हद्दीच्या अलीकडे वॉशिंग्टनच्या आयोगाने हिशेबाची पद्धतच पुन्हा तपासली आणि योजना चालू ठेवल्या. कंपनी एक, हिवाळा एक, गॅसही एकच. आयडाहोत त्या योजना काही वर्षांनी परत सुरू झाल्या, पण मधल्या काळात ज्यांनी भट्टी बदलली, घर दुरुस्त केलं किंवा नवं बांधलं, त्यांची संधी गेली. एकदा बसवलेली भट्टी पंधरा-वीस वर्षं हलत नाही. भिंत तर साठ-सत्तर वर्षं उभी असते.

साठ वर्षांच्या भिंतीला आजच्या भावाचं माप लावायचं, हे मला पटत नाही. आयोग म्हणतील, आम्ही नुसता आजचा भाव धरत नाही, पुढच्या वीस वर्षांचा अंदाज धरतो. तर मग या अंदाजांची कुंडलीही पाहायला हवी.

२ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी कार्डिगन घालून टीव्हीवर बसले आणि त्यांनी देशाला सांगितलं, घरातलं तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइट ठेवा, रात्री ५५. त्या हिवाळ्यात गॅसच्या तुटवड्याने शाळा आणि कारखाने बंद पडले होते. पुढच्या वर्षी नव्या वीजकेंद्रांत गॅस जाळायला कायद्याने मनाई झाली. गॅस संपत आलाय, उरलासुरला राखून ठेवा, असा तेव्हाचा होरा. १९८७ मध्ये ती मनाई उठली. २००३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन काँग्रेसच्या समितीपुढे सांगत होते की गॅस कमी पडणार, बाहेरून द्रवरूप गॅस आणायची सोय वाढवा. लुइझियानात सबीन पास इथे तशी सोय उभीही राहिली आणि २००८ मध्ये सुरू झाली. तोवर शेलचा गॅस धो-धो वाहायला लागला होता. आयातीसाठी बांधलेल्या त्याच बंदराचं निर्यातीचं बंदर करावं लागलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथून पहिलं जहाज गॅस भरून बाहेर पडलं.

ही माणसं अडाणी नव्हती. देशातली सर्वांत जाणती माणसं होती, आणि दर वेळी तोंडघशी पडली. गॅस २०२० मध्ये वर्षभराच्या सरासरीने दोन डॉलर होता, २०२२ मध्ये साडेसहाच्या आसपास, २०२४ मध्ये पुन्हा दोनच्या जरा वर. ज्या मालाचा भाव असा नाचतो, त्याच्यावर घराच्या भिंतीचा निकाल लावू नये.

शिवाय हेन्री हबचा भाव कुणाच्याही स्वयंपाकघरात येत नाही. २०२० साली हबला दोन डॉलर असलेला गॅस अमेरिकी कुटुंबाला सरासरीने अकरा डॉलरच्या जवळपास पडत होता. मधल्या फरकात पाइप, मीटर, दुरुस्ती, कंपनीचा नफा असं सगळं असतं, आणि ते काही शेलमुळे उतरलेलं नाही. त्यातला स्थिर आकार काटकसरीने कमी होत नाही, हे मान्य. पण ‘गॅस मातीमोल झालाय’ असं म्हणणाऱ्याने एकदा घरी आलेलं बिल हातात घेऊन म्हणावं.

आता घराकडे येऊ. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या उपनगरांत आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथलं नेहमीचं घर म्हणजे लाकडी सांगाडा, बाहेरून विटांचा मुलामा, वर उतरतं छप्पर आणि छपराखाली ॲटिक. घरभर गरम-गार हवा नेणारे डक्ट बहुधा याच ॲटिकमधून गेलेले असतात. उन्हाळ्यात तिथे भाजून काढणारा उकाडा असतो, थंडीत बर्फासारखा गारठा, आणि तुम्ही पैसे मोजून तापवलेली किंवा थंड केलेली हवा त्यातून प्रवास करते. अमेरिकी सरकारचा ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रम सांगतो की नेहमीच्या घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि भोकांतून वाया जाते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. तपासनीस येतो, पुढच्या दारात कापडाची चौकट बसवतो, तिच्यात मोठा पंखा लावतो आणि घरातली हवा बाहेर खेचतो. मग बारीक धूर सोडणारी कांडी घेऊन घरभर फिरतो. छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा, विजेच्या बटणांच्या पेट्या, सिंकखाली नळाने भिंतीत पाडलेलं भोक, ॲटिकला जायच्या घडीच्या शिडीचं झाकण. यातल्या जिथे-जिथे फट असेल तिथे धूर सरळ वर न जाता आडवा पळतो. शिडीचं ते झाकण म्हणजे बहुतेक घरांत प्लायवुडचा एक पातळ तुकडा असतो, त्यावर काहीही अंथरलेलं नसतं. खोली आणि ॲटिकमधला उकाडा-गारठा यांच्यात एवढाच आडोसा. विक्रेते मात्र तुम्हाला खिडक्या बदलायला सांगतात, कारण त्यांचा नफा खिडक्यांत आहे. हजारो डॉलरच्या खिडक्या गॅसच्या या भावात वसूल होत नाहीत, आणि त्या वसूल होतील असं सांगणारा फसवतोय. फोम, मॅस्टिक (डक्टचे सांधे बुजवायचा लेप), रबरी पट्ट्या आणि ॲटिकच्या जमिनीवर सेल्युलोजचा जाड थर, या कामाची गोष्ट वेगळी. ते स्वस्त आहे, एक-दोन दिवसांत होतं, आणि दिसत नाही म्हणून कुणी करत नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्ससचं वीजजाळं कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. ते वाचवायला अधिकाऱ्यांनी घराघरांची वीज तोडली. पंचेचाळीस लाखांहून जास्त घरं अंधारात गेली, काही दिवसचे दिवस. गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, म्हणून वीजकेंद्रांना गॅस मिळेना. वीज तोडलेल्यांत गॅस पुढे ढकलणारी यंत्रंही होती, म्हणून उरलेला गॅसही पुढे सरकेना. टेक्ससमधली सुमारे ६० टक्के घरं विजेवर तापतात, ती तर गारठलीच. ज्यांच्याकडे गॅसची भट्टी होती त्यांचीही गत तीच झाली, कारण भट्टीचा पंखा विजेवर चालतो. नीट बंदिस्त केलेलं घर अशा वेळी बराच काळ ऊब धरून राहतं. फटींचं घर ती ऊब रात्र उलटायच्या आत सोडून देतं. लोकांनी गॅरेजमध्ये गाडी सुरू करून तिच्यात लेकरं बसवली, घरात कोळशाची शेगडी पेटवली, आणि त्या धुराने काहींचा जीव गेला.

घर किती वेळ ऊब धरून राहील, असा रकाना आधीच्या दहा वर्षांतल्या हिशेबांत सहसा नव्हता. गॅस किती वाचला, त्याचे डॉलर किती, एवढंच लिहिलं जात होतं. थंडीच्या सर्वांत वाईट पहाटे विजेची मागणी किती उतरली असती, याची किंमत फार तर नावापुरती. टेक्ससने तर १९९९ मध्ये, देशात सर्वांत आधी, वीज कंपन्यांना बचतीचं उद्दिष्ट कायद्याने घालून दिलं होतं. पुढे ते उद्दिष्ट इतकं किरकोळ राहिलं की इतर राज्यं कुठल्या कुठे निघून गेली.

आणि पैशांचंही सांगतो. वादळाच्या त्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या एका केंद्रावर गॅसचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. गॅस कंपन्यांनी तो घेतला, कारण घ्यावाच लागला. टेक्ससने त्या खर्चासाठी २०२३ मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे काढले, आणि त्यांची फेड वर्षानुवर्षं ग्राहकांच्या गॅस बिलातून होतेय. दूर उत्तरेला मिनेसोटातल्या ग्राहकांच्या बिलातही त्या एका आठवड्याचे हप्ते कित्येक महिने लागत राहिले. स्वस्त गॅसचा हा उरलेला भाव.

ऊर्जाबचतीवर काम करणाऱ्या एसीईईई या संस्थेने २०२१ मध्येच टेक्ससपुढे आराखडा ठेवला. फटी बुजवा, विजेवर तापणाऱ्या घरांत हीट पंप बसवा, थर्मोस्टॅट बदला. पाच वर्षांत सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून हिवाळ्यातली सर्वोच्च मागणी सुमारे ११,४०० मेगावॉटने उतरवता येईल, असा त्यांचा हिशेब. नवी गॅस वीजकेंद्रं बांधण्यापेक्षा हे स्वस्त. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान घेतलं ते वीजकेंद्रांना अब्जावधी डॉलरचं स्वस्त कर्ज देणाऱ्या निधीसाठी, आणि लोकांनी तो मंजूर केला. ज्या गॅसच्या विहिरी गोठल्या, त्याच गॅसवर चालणारी आणखी केंद्रं. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

बचतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट गिळायला हवी. मिशिगनमध्ये सुमारे ३० हजार गरीब कुटुंबांवर अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर पाहणी केली. घर बंदिस्त करायला जो खर्च आला, तो वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. अभियंत्यांनी कागदावर जेवढी बचत होईल म्हणून सांगितलं होतं, त्याच्या एक-तृतीयांशही प्रत्यक्षात झाली नाही. यावर हात झटकून चालणार नाही. ठेकेदाराला पैसे द्यायचे ते कामाआधी आणि कामानंतर पंखा लावून मोजल्यावर, फरक दिसला तरच. फुगवलेले आकडे सांगणारे लोक या कामाचे वैरी आहेत, कारण त्यांच्यामुळे चांगलं कामही बदनाम होतं.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देता येत नाही. २०१४ ते २०२३ या काळात आपल्या मुंबई हायच्या गॅसचा भाव ज्या सूत्राने ठरत होता, त्यात हेन्री हबचा भाव होता. म्हणून तो २०२० च्या ऑक्टोबरात १.७९ डॉलर झाला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ८.५७. मुंबईत २०२१ च्या सुरुवातीला पन्नास रुपयांच्या आत असलेला किलोभर सीएनजी २०२२ च्या नोव्हेंबरात ८९ रुपये ५० पैशांवर गेला, आणि रिक्षावाल्यांनी तो पोटाला चिमटा काढून भरला. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने २०११ च्या डिसेंबरात सबीन पासच्या गॅसचा वीस वर्षांचा करार केला. त्या गॅसचं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ ला लागलं ते आपल्या दाभोळला. ह्यूस्टनच्या एन्‍रॉनने वीजकेंद्र उभारलेलं तेच दाभोळ, जिथली महागडी वीज घेणं राज्याच्या वीज मंडळाने २००१ च्या मे महिन्यात थांबवलं. कराराचं सूत्र हेन्री हबच्या भावाचे ११५ टक्के अधिक तीन डॉलर. हबला दोन डॉलर असले तर ५ डॉलर ३० सेंट, आणि नऊ असले तर १३ डॉलर ३५ सेंट, जहाजाचं भाडं वेगळं. तिथला चढ इथे पोचायला वेळ लागत नाही.

आणि आपल्या स्वयंपाकघरांत पाइपचा गॅस येतो तो बहुधा सिलिंडरच्या जुन्या शेगडीवर, नोझलचं भोक मोठं करून. पीसीआरए या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार अशा बदललेल्या शेगडीची कार्यक्षमता सुमारे ४० टक्के, आणि पाइपगॅससाठीच बनवलेल्या शेगडीची ५५. बिल कमी येतंय म्हणून कुणी शेगडी बदलत नाही.

घर शाकारायचं ते वैशाखात, आषाढात कौलं चाळायला वर कुणी चढत नाही. भाव पडलेले असताना बचतीची सोय करून ठेवणं, अमेरिकेने हे एकदा केलंय. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळलेले होते, गॅसही उतरला होता, आणि तरी मार्च १९८७ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी फ्रिज, भट्ट्या, गीझर यांच्या किमान कार्यक्षमतेच्या कायद्यावर सही केली. आदल्या वर्षी त्यांनीच तो अडवला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी घरातला नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खात होता. २००१ मध्ये तो ५०० च्या आसपास आला, आकाराने मोठा होऊनही. नंतर ऊर्जेचे भाव कितीदा वर-खाली झाले, त्या फ्रिजची बचत कमी झाली नाही.

आता मात्र उलटी पावलं पडतायत. घराच्या बंदिस्तीसाठी केलेल्या खर्चावर ३० टक्के, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत मिळणारी केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली गेली.

तुमची लेक, जावई, भाऊ, भाचा टेक्ससमध्ये असेल, तर पुढच्या फोनवर हवापाण्याच्या गप्पांत एवढं विचारा: ॲटिकच्या शिडीच्या झाकणावर काय टाकलंय, आणि डक्टचे सांधे शेवटचे कधी पाहिले? काहीच नसेल तर ऑक्टोबराच्या आत तपासनीस बोलवायला सांगा, खिडक्यांवाल्याला परत पाठवायला सांगा, आणि काम संपल्यावर पंखा पुन्हा लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका म्हणावं.